तळघर कोरडं आहे

६ जून

आज अंगणात घर विकायची पाटी लागली. ट्रिश कोवालिक, माझी एजंट, स्वतःच हातोडा घेऊन आली आणि मेपलच्या झाडाखाली चार ठोक्यांत खांब रोवून मोकळी झाली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसाराला चार ठोके.

भावावरून आमची थोडी खडाजंगी झाली. तिनं सांगितलेल्या आकड्यावर मी तीस हजार चढवले. पलीकडच्या गल्लीतलं हॅनलनचं घर तेवढ्याला गेलं, आणि त्यांच्याकडे तर गॅरेजसुद्धा नव्हतं.

"आर्लिन, त्यांनी स्वयंपाकघर नवं करून घेतलं होतं," ट्रिश म्हणाली. "घेणारे लोक तुमच्या आठवणींचे पैसे देत नाहीत हो."

"मग नका घेऊ म्हणावं," मी म्हणाले. अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवली मी. चढणाऱ्यानं पायरी आपल्यासाठी खाली यायची वाट बघायची नसते, हे मला पाठ आहे. तरी अडून बसले.

ट्रिश निघते तोच शेजारचा सँटो पेट्रिलो कुंपणाशी आला. दोन्ही हात खिशात.

"पाटी लागली म्हणायची."

"लागली."

"आर्लिन, तुला एक सांगायचं होतं."

"नंतर बघू सँटो, घरात माणसं आहेत." घरात कुणी नव्हतं. ट्रिशची गाडीसुद्धा वळून गेली होती आणि त्यानं ती जाताना पाहिली होती.

त्याला काय सांगायचं आहे ते मला ठाऊक आहे. तळघराचं.

९ जून

ट्रिशनं पाच पानी फॉर्म दिला आहे. घरातलं जे जे बिघडलेलं आपल्याला माहीत आहे ते सगळं लिहून द्यायचं. छप्पर, घर तापवायची भट्टी, नळ, वाळवी. सगळं भराभर भरलं. मग तो प्रश्न आला: तळघरात कधी पाणी आलं आहे का?

आलं आहे. एकदा नाही, चारदा. शेवटचं दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये. बर्फ एकदम वितळला आणि टेकडीकडच्या भिंतीतून घोट्याएवढं पाणी आत. माझा नवरा रेनो तेव्हा वर, बैठकीच्या खोलीत, भाड्यानं आणलेल्या दवाखान्याच्या पलंगावर. डॉक्टरांनी तीन आठवडे सांगितले होते. ती भिंत त्यानं स्वतः बांधलेली, मागे चर खणून, डांबर फासून. गावभर सांगत फिरायचा, "माझ्या तळघरात एक थेंब यायचा नाही." मी त्याला कळू दिलं नाही. सँटो आपला पंप घेऊन मागच्या दारानं आला. टेकडीच्या उतारावर घर असल्यामुळे तळघराला मागून जमिनीच्या पातळीवर दार आहे. दोन दिवस तो पाणी उपसत होता आणि भिजलेली खोकी पाय न वाजवता बाहेर नेत होता. रेनो गेला तो आपली भिंत धड आहे असं समजूनच गेला.

आता मी "हो" लिहिलं तर त्याच्या मागे त्याची भिंत खोटी पडेल.

"नाही" वर खूण केली.

हे माझं खासगी आहे म्हणून लिहिते. रेनोचं कारण खरं आहे. पण खूण करताना भावही डोक्यात होता. कुठलं आधी आलं ते मला सांगता येणार नाही.

११ जून

पांढरा रंग आणला. भिंतीवर घोट्याएवढ्या उंचीवर पाण्याची तपकिरी रेघ होती, तिच्यावर दोन हात मारले. वाळल्यावर रेनोचं हत्यारांचं कपाट ढकलत नेऊन समोर लावलं. पाठ भरून आली. झाल्यावर पायरीवर बसले तर घरात चोरी करून बसल्यासारखं वाटत होतं. घर माझंच.

१८ जून

पहिलं गिऱ्हाईक. ट्रिशनं बजावलं होतं की लोक घर बघत असताना मी घरात थांबायचं नाही. मी थांबले. म्हटलं, कोणत्या खिडकीतून तळं दिसतं ते तिला काय माहीत? नवराबायको पुढे आणि मी मागे, वर्गावर लक्ष ठेवणाऱ्या बाईसारखी. त्या नवऱ्यानं स्वयंपाकघरात उभं राहून बायकोला हळूच म्हटलं, "हे सगळं फोडून काढावं लागेल." मी म्हटलं, "माझे कान शाबूत आहेत." बाई लाजेनं लाल झाली.

तरी संध्याकाळी त्यांनी ऑफर पाठवली. ट्रिशनं मुळात सांगितला होता जवळजवळ त्याच आकड्याची. मी नाही म्हटलं.

"पहिली ऑफर बहुतेक वेळा सगळ्यात बरी असते," ट्रिश म्हणाली.

"माझा ओटा फोडणाऱ्याला मी घर देत नाही."

"घर त्यांचं झाल्यावर ओटा त्यांचाच असतो, आर्लिन."

मी फोन ठेवून दिला. आता लिहिताना वाटतं, पोरकटपणा झाला. पण कळवून टाकलं होतं.

१५ जुलै

महिनाभर चिटपाखरू नाही. ट्रिशनं फोटो पुन्हा काढले. माझ्या भिंतीवरचे अडतीस फोटो, रेनोनं पकडून, पेंढा भरून भिंतीवर लावलेले मासे, शाळेच्या मुलांनी दिलेल्या बाहुल्या, सगळं खोक्यांत भरायला लावलं. भाव दोनदा उतरवला. मुलगी क्रिस्टन कोलंबसहून रोज विचारते, "आई, तिकडची जागा किती दिवस अडवून ठेवू?" तिच्या घराजवळ तिनं माझ्यासाठी दोन खोल्या बघून ठेवल्या आहेत.

सँटो आज टपाल आणायला बाहेर आला होता. पेटीतून पत्रं काढताना सगळी हातातून गवतावर पडली. उचलताना हात थरथरत होते. सकाळचे दहा वाजले होते. पुन्हा सुरू केली की काय? एकोणीस वर्षं झाली त्याला दारू सोडून. रेनोच त्याला दारू सोडणाऱ्यांच्या पहिल्या बैठकीला घेऊन गेला होता. पडद्यामागून बघत राहिले, मदतीला गेले नाही. गेले असते तर बोलायला लागला असता.

२९ जुलै

आज योलिमार रिवेरा आली. तिशीची, दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. नवरा एफ्रेन बंदरावर. सोबत सहा वर्षांची मुलगी आमाया. या खेपेला मी शहाण्यासारखी बाहेर अंगणात थांबले होते, पण तिनंच मला हाक मारून सगळं विचारलं. मोकळी बाई आहे. स्वयंपाकघर बघून म्हणाली, "आमच्या आजीचं अगदी असंच होतं." मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

आणि मग तळघर. मागचं दार उघडून ती बागेत गेली, परत आत आली, पुन्हा बाहेर गेली.

"एकही पायरी नाही!" ती म्हणाली. "मिसेस नीमी, माझी आई येणार आहे आमच्याकडे राहायला. गुडघे गेलेत तिचे. इथून तिला एकटीला उन्हात येता येईल. कोरडं आहे ना हो हे?"

"बघताय ना तुम्ही," मी म्हणाले.

तेवढ्यात सँटो त्याच्या बागेतून कुंपणाकडे यायला लागला. हात वर करून. हात हलत होता, तो हलवत होता त्याहून जास्त. म्हटलं, हा आता बोलणार. योलिमारनंही त्याच्याकडे पाहून हात केला आणि त्या बाजूला पाऊल टाकलं.

मी तिचा दंड धरला. "तिकडे नको जाऊ," मी म्हणाले. "पितो तो. सकाळपासून. हात बघ ना. मनाचा वाईट नाही, पण काहीच्या बाही बोलत असतो. मुलीला एकटं जाऊ देऊ नकोस."

हे सगळं माझ्या तोंडून किती सहज आलं! जणू आधीच तयार होतं.

ती थबकली. मुलीचा हात धरला. सँटो कुंपणाशी येऊन पोहोचला तोवर आम्ही आत गेलो होतो.

कोण जाणे, पीतही असेल. मी काय त्याच्या घरात डोकावून पाहिलं आहे?

३ ऑगस्ट

त्यांची ऑफर आली. मी हो म्हटलं. ट्रिशनं फोनवर हुर्रे केलं. रिवेरांना घर मिळतंय, क्रिस्टन खूश आहे. आनंद व्हायला हवा तेवढा होत नाही. जेवण गेलं नाही.

१० ऑगस्ट

त्यांचा तपासनीस येऊन गेला. छपरावर चढला, भट्टी उघडून पाहिली, तळघरात ओल मोजायचं यंत्र भिंतींना लावत फिरला. तीन आठवडे पाऊस नाही. सगळं खडखडीत. कपाटापाशी येऊन थांबला. "हे जड दिसतंय," म्हणाला आणि पुढे गेला. दुसऱ्याच्या कपाटाला ते लोक हात लावत नाहीत म्हणे.

तपासणी चालू असताना आमाया मागच्या बागेत खेळत होती. मी वरच्या खिडकीतून पाहिलं. सँटो कुंपणावरून टोमॅटोची टोपली तिच्यासमोर धरून उभा होता. तिनं एक घेतला. तेवढ्यात योलिमार घरातून धावत आली, टोमॅटो मुलीच्या हातून काढून परत टोपलीत टाकला आणि तिला जवळजवळ उचलूनच घेऊन गेली. एक शब्द बोलली नाही त्याच्याशी.

सँटो तसाच उभा. टोपली हलत होती. मग त्यानं ती खाली गवतावर ठेवली आणि दोन्ही हात खिशात घातले. बराच वेळ तसाच उभा होता.

खाली जाऊन काहीतरी बोलायला हवं होतं. मी खिडकीपासून मागे झाले.

१२ ऑगस्ट

मनात वकिली चालली आहे. दर वसंतात पाणी येतं असं थोडंच आहे? अठ्ठेचाळीस वर्षांत चारदा. कुठल्या तळघरात येत नाही? घेणाऱ्यानंही डोळे उघडे ठेवायला नकोत? तपासनीसाचं काम काय मग?

सँटोबद्दल मात्र वकिलाला काही सुचत नाही.

२२ ऑगस्ट

योलिमार फीत घेऊन आली, आईच्या पलंगाचं माप घ्यायला. कपाट निघाल्यावर पलंग त्याच भिंतीला लावायचा म्हणते, म्हणजे सकाळचं ऊन पायांवर येईल.

"दम्याचं मशीन इथे ठेवीन," ती म्हणाली. "प्लगही आहे इथेच."

"कुणाला दमा आहे?"

"आईला. जुन्या घरात बुरशी होती हो, तिनं छातीची वाट लावली. डॉक्टर म्हणाले, काहीही करा, पण कोरड्या जागेत ठेवा. म्हणून तर इतकी खटपट."

मी फितीचं दुसरं टोक धरलं होतं. धरूनच राहिले. सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "लिंबाचं सरबत घेशील?"

तिनं दोन पेले घेतले. निघताना मला मिठी मारली.

२७ ऑगस्ट

योलिमारचा फोन आला होता. हसत होती.

"मिसेस नीमी, एफ्रेन ना, परवा तुमच्या त्या शेजाऱ्यांना भेटला. मी नको म्हटलं होतं, तरी गेला. म्हणाला, मला तर माणूस पूर्ण शुद्धीवर दिसला. त्यानं त्यांना विचारलं, तळघरात पाणीबिणी येतं का. तर ते काय म्हणाले माहीत आहे? 'घर तिचं आहे, तिलाच विचार. या गावाची अर्धी पोरं तिच्या बसमध्ये बसून मोठी झाली. आर्लिन नीमी खोटं सांगायची नाही.' म्हणून एफ्रेन म्हणतो, विचारून घे. म्हणून आपलं विचारते."

मी म्हणाले, "फॉर्मवर लिहिलंच आहे की मी."

"तेच म्हटलं मी त्याला!" ती म्हणाली.

फोन ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसले. सँटोनं दोन दिवस ते पाणी उपसलं आहे. कुठे आलं, किती आलं, हे माझ्याइतकंच त्याला माहीत. एका वाक्यात तो मला उघडी पाडू शकला असता. तीन महिने मी त्या वाक्याच्या भीतीनं त्याला तोंड दाखवत नव्हते. त्या वाक्याच्या जागी तो हे बोलला.

आणि मी त्यानंतरही खोटं बोलले. कुणी गळा धरला नव्हता. मी फक्त म्हणायचं होतं, येतं.

२८ ऑगस्ट

सकाळी योलिमारला बोलावून घेतलं. ती आमायाला घेऊन आली, तिची शाळा अजून सुरू व्हायची आहे. मी मुलीला वर चित्रं काढायला बसवलं आणि आईला तळघरात नेलं. दोघींनी मिळून कपाट सरकवलं. मी खरवडणी घेतली आणि रंग काढायला लागले.

"हे काय करताय?"

हातभर लांब खरवडल्यावर रेघ दिसली. मग म्हणाले, "पाणी इथपर्यंत आलं होतं. दोन वर्षांपूर्वी. त्याआधी तीनदा. मी फॉर्मवर खोटं लिहिलं, वर रंग दिला आणि काल फोनवर पुन्हा खोटं बोलले."

ती रेघेकडे बघत राहिली. खाली वाकून तिनं तिला बोट लावलं.

"आईचा पलंग माझा मनात मांडूनसुद्धा झाला होता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "इथेच."

"मला माहीत आहे. फितीचं टोक मीच धरलं होतं."

"मी दम्याचं सांगितलं तेव्हाही नाही बोललात."

"नाही."

ती जिन्याकडे वळली. मी म्हटलं, "थांब. आणखी एक आहे. शेजारचे सँटो पीत नाहीत. एकोणीस वर्षांत थेंब घेतलेला नाही. ते तुला पाण्याचं सांगतील म्हणून मी तसं बोलले."

आता मात्र ती माझ्याकडे वळून बघतच राहिली. भिंतीचं ऐकताना तिचा चेहरा असा झाला नव्हता.

"घराचं समजू शकते मी," ती म्हणाली. "लोक लपवतात. पण मी माझ्या पोरीला बजावलं, त्या माणसाच्या जवळ जायचं नाही, तो वाईट आहे. रस्त्यात दिसला तर पलीकडून चालायचं. आता तिला काय सांगू? कुणी सांगितलं म्हणून सांगू?"

"माझं नाव सांग."

"तुमचंच सांगणार आहे," ती म्हणाली आणि वर जाऊन मुलीला घेऊन निघून गेली. चित्र टेबलावर राहिलं. घर होतं, मोठ्या दाराचं.

३० ऑगस्ट

ट्रिश इतकी चिडली की फोनवर दोनदा खोकला आला तिला. "माझा परवाना गेला असता, आर्लिन! आणि सह्या झाल्यावर कळलं असतं ना, तर त्यांनी तुम्हाला कोर्टात खेचलं असतं. पाणी येतं असं लिहिलं असतं तर काय झालं असतं? थोडा भाव पडला असता. ओल असलेली घरं मी दर महिन्याला विकते. खोटी घरं विकत नाही." नवा फॉर्म भरून घेतला. या वेळी त्या ओळीत जागा पुरली नाही, समासात लिहावं लागलं.

रिवेरांनी सौदा मोडला आहे. मोडणारच.

संध्याकाळी क्रिस्टनला सांगितलं. बाबांच्या भिंतीचं सांगितलं, त्याला कळू नये म्हणून मी आणि सँटोनं काय काय केलं ते सांगितलं. म्हटलं, मेलेल्या माणसाची लाज राखायला गेले गं.

मग म्हणाली, "आई, बाबांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पाण्याचं. पंप दोन दिवस चालू होता, त्यांच्या पलंगाच्या बरोबर खाली. मी आले होते ना त्या आठवड्यात, तेव्हा मलाच म्हणाले. 'भिंत गेली वाटतं माझी. तुझी आई आणि सँटो लपवतायत. लपवू दे, त्यांना बरं वाटतंय.' हसत होते गं."

म्हणजे तेही कारण उरलं नाही. त्याच्या नावाचं पांघरूण मी घेतलं होतं, त्याला त्याची गरजच नव्हती. त्या पांघरुणाखाली मी एकटीच राहिले.

६ सप्टेंबर

रिवेरांची नवी ऑफर आली, ट्रिशमार्फत. बाहेरून चर खणून भिंत नीट करायचा खर्च वजा करून. आईची खोली वर करणार, काम होऊन दोन वसंत कोरडे गेले तर खाली. जूनमध्ये ओटा फोडणाऱ्या त्या माणसानं देऊ केलं होतं त्याहून हे बरंच कमी आहे.

मी लगेच हो म्हटलं. ट्रिश म्हणाली, "विचार करा हवा तर." म्हटलं, नको, माझा विचार काही कामाचा नसतो.

९ सप्टेंबर

सँटोकडे जायला बारा दिवस लावले. रोज उद्यावर ढकललं. आज दुपारी गेले.

त्यानं दार उघडलं. मी आत गेले नाही, उंबऱ्यातच उभी राहिले, नाहीतर बसून घेतलं असतं आणि दुसरंच बोलत राहिले असते. पाण्याचं सगळं सांगितलं. तो मान हलवत होता. "बरं केलंस," म्हणाला. "उशिरा का होईना. त्या पोरानं मला विचारलं तेव्हा वाटलंच होतं, तू अजून सांगितलं नसशील."

"तरी तू तसं बोललास?"

"मग काय बोलणार? मला वाटलं, त्यांनी विचारलं की सांगशील."

मग मी दुसरं सांगितलं. शब्द गाळले नाहीत. पितो म्हणाले, सकाळपासून म्हणाले, मुलीला जवळ जाऊ देऊ नको म्हणाले.

त्यानं दाराची चौकट धरली. हात चौकटीवरही थरथरत होता, लाकूड बारीक वाजत होतं.

"म्हणून," तो म्हणाला. "म्हणून ती पोरीला ओढून घेऊन गेली."

"हो."

"मला वाटलं, हाताला घाबरली. हात असा हलताना बघून घाबरतात लहान मुलं. ते मी समजून घेतलं होतं, आर्लिन. तिचं काही चुकलं नाही म्हटलं." त्यानं हात स्वतःसमोर धरून पाहिला. "कंपवात आहे. एप्रिलमध्ये डॉक्टरनं सांगितलं. कुणाला बोललो नाही. तुला पहिल्यांदा सांगणार होतो, पाटी लागली त्या दिवशी. तू म्हणालीस, घरात माणसं आहेत."

मी त्याच्या हाताकडे पाहिलं.

"एकोणीस वर्षं," तो म्हणाला. "रोज सकाळी उठून नाही म्हणायचं. तुला माहीत होतं ते. दुसऱ्या कुणाला नसेल, तुला माहीत होतं."

"सँटो, मला माफ कर."

"पाण्याचं तू त्यांना सांगितलंस, ते त्यांच्यासाठी. हे मला का सांगितलंस? मी समजून घेतलं होतं की. आता पुन्हा नव्यानं समजून घ्यावं लागणार, आणि हे अवघड आहे." रागावला नव्हता. दमल्यासारखा दिसत होता. "क्लीव्हलँडच्या दवाखान्यात जावं लागतं महिन्यातून एकदा. गाडी चालवू नका म्हणतात. मी धरून चाललो होतो की तू नेशील. बस चालवायचीस ना. मग पाटी दिसली." आणि म्हणाला, "जा आता. मला बसायचंय."

दार आपटलं नाही. हळू लावलं.

२३ सप्टेंबर

सह्या झाल्या. योलिमार माझ्याशी सभ्यपणे बोलली, जेवढ्यास तेवढं. एफ्रेननं किल्ल्या घेतल्या. आमाया माझ्याकडे टक लावून बघत होती. तिला माझं नाव सांगितलेलं दिसत होतं.

सामानाचा ट्रक निघाला तेव्हा सँटोच्या घराचे पडदे ओढलेले होते. दारापर्यंत गेले. परत आले. पुन्हा गेले आणि चिठ्ठी सरकवली: क्लीव्हलँडला मी नेईन, कोलंबसहून येईन, तारीख कळव. खाली फोन नंबर लिहिला.

१४ ऑक्टोबर

फोन नाही.

५ नोव्हेंबर

आज मीच केला. त्यानं उचलला. आवाज बरा होता. हवेचं बोललो, पानं झाडायचं बोललो. मग मी विचारलं, दवाखान्याचं काय करतोस?

"एफ्रेन नेतो," तो म्हणाला. "त्याची त्या वारी सुट्टी असते. पोरगीही येते कधीकधी. मागच्या सीटवरून बडबड करत असते सगळा वेळ."

"मी आले असते, सँटो."

"माहीत आहे. चिठ्ठी मिळाली." मग म्हणाला, "लांब पडतं गं तुला. आणि आता झालीय सोय."

चांगलं झालं म्हणाले. खरंच चांगलं झालं. ज्या माणसांना मी त्याच्यापासून तोडायला निघाले होते, त्यांनीच त्याला गाडीत बसवलं. तिथे आता माझं काहीच काम नाही.

दुपारी इथली समोरच्या खोलीतली बाई केक घेऊन आली होती, नवीन आले म्हणून ओळख करून घ्यायला. मिल्ड्रेड नाव. चौकस दिसते. बसल्या बसल्या विचारलं, "जुनं घर सोडून येताना जड गेलं असेल. तिकडे शेजार कसा होता?"

मी म्हणाले, "शेजारी फार चांगला होता. शेजारीण बरी नव्हती."

"असतात बाई अशा," ती म्हणाली आणि मला केकचा आणखी एक तुकडा वाढला.